छोट्या विमानाने इंग्लंडची हद्द ओलांडताना

केंटमधल्या एखाद्या गवताळ एअरफील्डवरून चार सीटचं विमान उडवलं की अर्ध्या-पाऊण तासात इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधल्या ल तुकेला उतरता येतं. दुपारचं जेवण तिथे करायचं, किनाऱ्यावर फेरफटका मारायचा आणि दिवे लागायच्या आत परत यायचं. इंग्लंडमध्ये राहून ज्या मराठी मंडळींनी खासगी पायलटचं लायसन्स काढलं आहे, त्यांच्या यादीत ही सफर हमखास असते. ज्यांनी काढलेलं नाही, त्यांना मित्राच्या शेजारी बसून ती करायची असते.

हीथ्रोवरून प्रवास करताना सीमेची बरीचशी कामं आपल्या वतीने कोणीतरी करत असतं. प्रवाशांची यादी विमान कंपनी सरकारला कळवते, व्हिसा आहे की नाही हे चेक-इनच्या काउंटरवरच पाहिलं जातं, आणि परत आल्यावर पासपोर्ट तपासणीची रांग समोरच असते. छोट्या एअरफील्डवर यातलं काहीच नसतं. एक हँगर, एक कॅफे, वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा आणि रेडिओवर बोलणारा एखादा स्वयंसेवक, एवढाच पसारा. त्यामुळे अनेकांची समजूत होते की इथे तपासणीच नाही. ती समजूत महागात पडू शकते. तपासणी असतेच, पण तिचा मोठा भाग तुम्ही उडण्याआधी, तुम्हीच भरून दिलेल्या माहितीवर होतो. विमान कंपनी करते ती सगळी कामं इथे कॅप्टनच्या गळ्यात असतात, आणि दोन सीटच्या विमानाचा पायलटही कायद्याच्या नजरेत कॅप्टनच असतो.

या माहितीच्या फॉर्मचं नाव जनरल एव्हिएशन रिपोर्ट. क्लबात सगळे त्याला ‘गार’ म्हणतात. ६ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये येणाऱ्या आणि ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या अशा प्रत्येक आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तो ऑनलाइन भरणं सक्तीचं आहे. विमान निघण्याच्या किमान २ तास आधी तो पोहोचला पाहिजे, आणि ४८ तासांपेक्षा आधी भरलेला चालत नाही. न भरल्यास किंवा चुकीचा भरल्यास १० हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पूर्वी फॅक्सवर आणि ईमेलवर चालायचं, ते दिवस संपले. सरकारच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडता येतं. स्कायडेमनसारख्या, पायलट रोज वापरतात त्या नेव्हिगेशन सॉफ्टवेअरमधूनही गार थेट पाठवता येतो.

तीन निरोप, तिन्ही वेगळे

नव्या पायलटांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. परदेशी जायचं तर फ्लाइट प्लॅन भरावाच लागतो. तो भरला की सरकारला सगळं कळलं, असं वाटतं. तसं नाही. फ्लाइट प्लॅन हवाई वाहतूक नियंत्रणासाठी असतो. तुम्ही कुठे आहात आणि वेळेत पोहोचला नाहीत तर शोध कधी सुरू करायचा, हे त्यावरून ठरतं. विमानात कोण बसलं आहे, कोणाचा पासपोर्ट कुठला, हे त्यात नसतं.

दुसरा निरोप एअरफील्डला फोन करून घ्यायच्या परवानगीचा. पायलट त्याला पीपीआर म्हणतात. ‘आज धावपट्टी चालू आहे, या’ एवढाच त्याचा अर्थ. रेडिओवर किंवा फोनवर बोलणाऱ्या माणसाला तुम्हाला देशात घ्यायचा अधिकार नसतो.

तिसरा निरोप म्हणजे गार. तो बॉर्डर फोर्स म्हणजे ब्रिटनचं सीमा दल, कस्टम्स आणि पोलीस यांच्यासाठी असतो. हे तिन्ही एकमेकांची जागा घेत नाहीत.

याशिवाय पलीकडच्या देशाचे नियम वेगळे. ल तुके किंवा कॅले इथे उतरायचं, तर तिथल्या कस्टम्सला आणि पोलिसांना आधी कळवावं लागतं. त्याची मुदत आणि पद्धत प्रत्येक विमानतळाची आपापली असते, आणि ऋतूप्रमाणे बदलतेही. आठवड्यापूर्वी मित्राने सांगितलं होतं, यावर विसंबू नका. त्या विमानतळाची ताजी माहिती निघायच्या आदल्या दिवशी स्वतः वाचा.

आणखी एक गोष्ट: कोणत्याही शेतातल्या धावपट्टीवरून निघून फ्रान्समधल्या कोणत्याही धावपट्टीवर उतरता येत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून दोन्ही बाजूंना हे काटेकोर झालं आहे. फ्रान्सच्या बाजूला ज्या विमानतळाला सीमा ओलांडण्याचं अधिकृत ठिकाण म्हणून मान्यता आहे, तिथेच उतरावं लागतं. ब्रिटनच्या बाजूला बिगिन हिलसारखा कस्टम्ससाठी नेमलेला विमानतळ असावा लागतो, किंवा एअरफील्डचा बॉर्डर फोर्सशी लेखी करार असावा लागतो. आपल्या क्लबाच्या एअरफील्डकडे तो आहे का आणि कोणत्या देशांसाठी आहे, हे ऑफिसात विचारा. नसेल तर आधी मान्यता असलेल्या ठिकाणी उतरून मग घरच्या एअरफील्डवर यावं लागतं. पेट्रोल जास्त लागेल, पण त्याला पर्याय नाही.

फॉर्म भरताना

गारमध्ये विमानाचा नोंदणी क्रमांक, निघण्याचं आणि उतरण्याचं ठिकाण, वेळा आणि विमानातल्या प्रत्येकाची माहिती लागते: नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा क्रमांक आणि मुदत. दिसायला सोपं आहे. चुका दोन जागी होतात, वेळेत आणि नावात.

आधी वेळ. गारमधल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत असतात. उन्हाळ्यात ब्रिटनचं घड्याळ तिच्यापुढे एक तास आणि फ्रान्सचं दोन तास असतं. समजा, जुलैत तुम्हाला ल तुकेहून तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी ४ वाजता परत निघायचं आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा ३ वाजलेले असतील आणि फॉर्मवर लिहायचे १४:००. गार २ तास आधी जायला हवा, म्हणजे फ्रान्सच्या घड्याळात दुपारी २ च्या आत. जेवण रंगात आलेलं असताना ही वेळ हमखास टळते. त्यामुळे एका दिवसात जाऊन यायचं असेल, तर जातानाचा आणि परतीचा असे दोन्ही गार सकाळी घरूनच भरून टाका. ४८ तासांची मर्यादा त्याला पुरेशी आहे. दोन-तीन रात्री मुक्काम असेल, तर परतीचा गार तिथूनच भरावा लागेल. तेव्हा मोबाइलला तिथे नेट मिळतं ना, हे आधीच बघून ठेवा.

बेत बदलला तर गारही बदलला पाहिजे. हवामानामुळे उड्डाण रद्द झालं, तर गारही रद्द करायचा. आयत्या वेळी एक माणूस वाढला किंवा गळला, तर दुरुस्ती पाठवायची. यादीत नसलेल्या माणसाला ‘चल, एक सीट रिकामीच आहे’ म्हणून बसवणं, हे या सगळ्या प्रकारातलं सर्वांत धोक्याचं काम आहे. तुमचा हेतू निष्पाप असला तरी सीमेवरचा गुन्हाही नेमका तसाच दिसतो.

आता नाव. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तिहेरी पद्धत. भारतीय पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि पहिली दोन नावं दुसऱ्या रकान्यात असतात. क्लबात सगळे जिला ‘स्नेहल पाटील’ म्हणून ओळखतात, तिच्या पासपोर्टवर ‘स्नेहल मधुकर’ आणि ‘पाटील’ असं असतं. लग्नानंतर ड्रायव्हिंग लायसन्स बदललं, पासपोर्ट राहिला, किंवा याच्या उलट झालं, असंही पुष्कळ घरांत असतं. गारमध्ये फक्त पासपोर्टवरचं नाव, जसंच्या तसं, त्याच रकान्यांत. मधलं नाव गाळायचं नाही, लाडकं नाव घालायचं नाही, स्पेलिंग कानाने लिहायचं नाही. प्रवाशाला पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाचं छायाचित्र पाठवायला सांगा आणि त्यावरून भरा. काम झालं की ते छायाचित्र फोनमधून काढून टाका. दुसऱ्याची कागदपत्रं वर्षानुवर्षं आपल्या फोनमध्ये राहू देणं योग्य नाही.

शेजारी कोण बसलं आहे?

मराठी पायलटांनी सर्वांत जास्त लक्ष इथे द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. इंग्रज पायलटाच्या विमानात बहुधा चौघांकडे एकाच देशाचा पासपोर्ट असतो. आपल्याकडे एका विमानात पायलट ब्रिटिश नागरिक, बायको भारतीय पासपोर्टवर, मेव्हणा वर्क व्हिसावर आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई पर्यटक व्हिसावर, अशी मंडळी सहज जमतात. चौघांचे नियम वेगवेगळे आहेत, आणि चौघांची शहानिशा करण्याची जबाबदारी कॅप्टनवर येते.

ब्रिटिश पासपोर्टवाल्याला फ्रान्ससह शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. पासपोर्ट प्रवेशाच्या दिवशी १० वर्षांपेक्षा जुना नसावा आणि परतीच्या दिवसानंतर किमान ३ महिने वैध असावा. भारतीय पासपोर्टवाल्याला मात्र दुपारच्या जेवणापुरतंही फ्रान्सला जायचं असेल, तरी शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना असला तरी लागतो. ‘विमानतळाच्या बाहेर जाणारच नाही, कॅफेत बसून परत येऊ’ हा युक्तिवाद चालत नाही. विमानाचं चाक टेकलं की तुम्ही त्या देशात असता.

परतीची बाजूही तपासा. ब्रिटनमधल्या परदेशी रहिवाशांची जी बायोमेट्रिक कार्डं होती, त्यांतली बहुतेक ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. आता वास्तव्याचा हक्क ई-व्हिसाच्या रूपात ऑनलाइन खात्यात असतो आणि तो पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण झालं की क्रमांक बदलतो. नवा क्रमांक त्या खात्यात नोंदवलेला नसेल, तर माणूस कायदेशीर असूनही यंत्रणेला तो सापडत नाही. मोठ्या विमानतळावर काउंटरमागचा अधिकारी बसून हे सोडवू शकतो. शनिवारी संध्याकाळी गवताच्या धावपट्टीवर ते कोण सोडवणार? तेव्हा प्रवाशाला आपल्या समोर खातं उघडायला लावा आणि क्रमांक पासपोर्टशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. नात्यात संकोच वाटतो, हे खरं. पण कागद मागितल्याने नातं तुटत नाही.

भारतातून भेटीला आलेल्या आई-वडिलांना खाडीपलीकडे न्यायची हौस असेल, तर त्यांच्याकडे ब्रिटनचा वैध व्हिसा आणि शेंगेन व्हिसा असे दोन्ही हवेत. दुसरा नसेल तर त्यांना देशांतर्गत फिरवा. डोव्हरचे पांढरे कडे हवेतून फार सुंदर दिसतात आणि त्यासाठी गारही लागत नाही.

अमेरिकेतला भाचा किंवा ऑस्ट्रेलियातली मैत्रीण तिथल्या पासपोर्टवर आली असेल, तर तिला ब्रिटनमध्ये परतण्यासाठी ईटीए ही ऑनलाइन प्रवास परवानगी लागते. ती बहुतेकांनी येतानाच काढलेली असते, पण खात्री करून घ्या. शेंगेनच्या बाजूला १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी व्यवस्था आली आहे. युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्यांचा चेहरा आणि बोटांचे ठसे त्यात नोंदवले जातात. छोट्या विमानतळावर हे काम करायला माणसं थोडी असतात, म्हणून उतरल्यानंतरच्या वेळेत थोडी सवड धरा.

आयर्लंडबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात सामाईक प्रवास क्षेत्र आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यालाही मोकळीक आहे, असं धरून चालू नका. आयर्लंडचा व्हिसा सहसा वेगळा लागतो. शिवाय आयर्लंड, उत्तर आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल बेटं इथे जाता-येताना २००० सालचा दहशतवादविरोधी कायदा लागू होतो. त्या कायद्याखाली नेमलेला विमानतळ नसेल, तर पोलिसांना १२ तास आधी कळवावं लागतं. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचाच भाग, म्हणजे हे देशांतर्गत उड्डाण, असा विचार करून बेलफास्टजवळच्या एखाद्या धावपट्टीवर थेट उतरणारे पायलट इथेच फसतात.

उतरल्यावर

बहुतेक वेळा उतरल्यावर कोणी येत नाही. गारमध्ये दिलेल्या वेळेआधी पोहोचलात तर तेवढा वेळ विमानापाशी थांबा. अधिकारी येणार असतील तर त्याच वेळेला येतात. वारा पाठीमागून मिळाला म्हणून वीस मिनिटं आधी उतरून सगळे गाडीत बसून निघून गेले, आणि अधिकारी येऊन पाहतात तर रिकामं विमान, असं होऊ देऊ नका.

अधिकारी आले, तर सहसा दोघं असतात, गडद गणवेशात, कधी सोबत कुत्रा. इंजिन बंद करा, मुख्य स्विच बंद करा, पंखा थांबेपर्यंत कोणाला उतरू देऊ नका. लहान मूल उत्साहाने धावत पंख्याकडे जाण्याची भीती अधिकाऱ्यांपेक्षा फार मोठी आहे. मग पासपोर्ट हातात घेऊन सगळे पंखाच्या मागच्या बाजूने उतरा. ते गारची यादी आणि पासपोर्ट एकेक करून ताडतात. कुठून आलात, तिथे काय केलंत, बॅगा कोणी भरल्या, हे प्रवाशांना वेगवेगळं विचारतात. सामानाचा कप्पा उघडायला लावतात, सीटखाली आणि सीटमागे बघतात. दाराच्या कडीवरून, सीटवरून, सामानाच्या पट्ट्यांवरून कापडाचा बोळा फिरवून तो यंत्रात घालतात. अमली पदार्थांचा सूक्ष्म अंश त्यात सापडतो. क्लबाचं भाड्याचं विमान असेल, तर त्यात आधी कोण बसलं होतं ते तुम्हाला ठाऊक नसतं, म्हणून भाड्याच्या नोंदवहीचा फोटो जवळ असला तर बरं. विमानाची कागदपत्रंही मागतात: नोंदणी, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, विमा, रेडिओचं लायसन्स आणि तुमचं स्वतःचं लायसन्स. हे सगळं एका फाइलीत ठेवा. फोनवरच्या प्रतींवर विसंबू नका, बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.

आपल्यासारख्या दिसणाऱ्या, आपल्यासारखं बोलणाऱ्या माणसांना अशा वेळी मनात एक शंका येते: मलाच का थांबवलं? ती शंका समजण्यासारखी आहे, आणि कोणी दाबून टाकावी असं मी म्हणणार नाही. कायद्याने अधिकाऱ्यांना व्यापक अधिकार दिले आहेत. दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली तर सीमेवर संशय नसतानाही चौकशी करता येते. विचारलेल्या प्रश्नांना थोडक्यात आणि खरी उत्तरं द्या. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणा, अंदाज सांगू नका. चौकशी कोणत्या कायद्याखाली चालली आहे, हे विचारण्याचा आणि अधिकाऱ्याचा क्रमांक टिपून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. वागणूक अपमानकारक वाटली, तर लेखी तक्रार करा. ती करणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. धावपट्टीवर आवाज चढवून मात्र काहीच हाती लागत नाही.

चीज, पेढे आणि पैसे

खाडीपलीकडे गेलेला प्रत्येक माणूस चीज घेऊन यायचा. १२ एप्रिल २०२५ पासून हे बंद आहे. युरोपात जनावरांमध्ये लाळ्या-खुरकूत पसरल्यामुळे ब्रिटनने युरोपीय संघातून वैयक्तिक वापरासाठी मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यावर बंदी घातली. चीज, लोणी, हॅम घातलेलं सँडविच, सगळं त्यात आलं. ज्यांच्या घरी गुरं आहेत किंवा होती, त्यांना लाळ्या-खुरकूत म्हणजे काय हे सांगायला नको. २००१ साली ब्रिटनमध्ये ही साथ आली, तेव्हा लाखो जनावरं मारावी लागली होती. उरलेलं सँडविच फ्रान्समध्येच टाकून या. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेतले पेढे, बर्फी आणि साजूक तूप यांनाही ब्रिटनमध्ये पूर्वीपासून मनाई आहे, हेही लक्षात ठेवा.

दारू आणि सिगारेटची मर्यादा नेहमीच्या प्रवाशाइतकीच आहे. इतर वस्तूंत मात्र फरक पडतो. नेहमीच्या विमानाने येणाऱ्याला ३९० पौंडांपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येतात. खासगी विमानाने किंवा खासगी बोटीने येणाऱ्याला ही मर्यादा २७० पौंडांची आहे. ही गोष्ट फार थोड्या पायलटांना माहीत असते. त्यावर एक घड्याळ किंवा एक हँडबॅग घेतली, की तुम्ही कर भरायच्या कक्षेत आलात. तो आधी ऑनलाइन जाहीर करून भरता येतो. १० हजार पौंड किंवा त्याहून जास्त रोख रक्कम नेता-आणताना जाहीर करावी लागते. कुत्रा-मांजर खासगी विमानातून आणायचा बेत असेल तर तो सोडून द्या. पाळीव प्राण्यांसाठी ठरावीक मान्यताप्राप्त मार्ग आहेत आणि क्लबाचं विमान सहसा त्यात बसत नाही.

हवामान फिरलं तर

परत येताना ढग खाली आले आणि मान्यता नसलेल्या धावपट्टीवर उतरावं लागलं, तर आधी सुरक्षित उतरा. गार, कस्टम्स, दंड यांचा विचार हवेत करू नका. कागदासाठी ढगात शिरलेला पायलट मला नको आहे. उतरल्यावर मात्र लगेच फोन करा, बॉर्डर फोर्सला किंवा स्थानिक पोलिसांना १०१ वर. प्रवासी आणि सामान विमानाजवळच ठेवा. कोणी टॅक्सी बोलावून निघून जाऊ नये, बॅगा उतरवू नयेत. अडचणीमुळे उतरलेल्या विमानाबद्दल ब्रिटिश कस्टम्स कायद्यात तरतूद आहे. तिचा लाभ लगेच आणि खरं सांगणाऱ्याला मिळतो. फोन केव्हा केला, कोणाशी बोललात, ते वहीत लिहून ठेवा.

एवढा जाच कशासाठी?

क्लबात हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. जानेवारी २०१८ मध्ये बोगोटाहून आलेलं एक खासगी जेट लंडनजवळच्या फार्नबरोला उतरलं. त्यातल्या १५ सुटकेसमध्ये सुमारे अर्धा टन कोकेन निघालं. मुंबईकरांना याहून जवळचं उदाहरण आठवेल. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री एका अँतोनोव्ह-२६ विमानातून पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात शस्त्रांचे ढीग पॅराशूटने टाकले गेले. काही दिवसांनी तेच विमान परत भारतावरून जाताना मुंबईला उतरवण्यात आलं. प्रवासी कंपनीचं नसलेलं एक विमान काय करू शकतं, हे तेव्हा साऱ्या देशाला कळलं.

तपासणीची यंत्रणा मात्र कमी पडते, हेही तितकंच खरं. ब्रिटनचे सीमा आणि इमिग्रेशनचे स्वतंत्र मुख्य निरीक्षक डेव्हिड नील यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडन सिटी विमानतळावरच्या खासगी जेटच्या तपासणीतल्या उणिवा माध्यमांपर्यंत नेल्या. गृह खात्याने त्यांची आकडेवारी नाकारली आणि त्यांना पद सोडावं लागलं. माणसं कमी आणि धावपट्ट्या फार, ही अडचण कोणीच नाकारत नाही. म्हणूनच एअरफील्डवरच्या लोकांच्या डोळ्यांवर भिस्त ठेवली जाते. पोलिसांनी आणि राष्ट्रीय गुन्हे संस्थेने त्यासाठी ‘प्रोजेक्ट पेगॅसस’ नावाची मोहीम चालवली आहे.

काय बघायचं? कॅफेपासून दूर, धावपट्टीच्या टोकाला थांबणारं आणि इंजिन चालू ठेवून सामान उतरवणारं विमान. मागच्या सीट काढून टाकलेलं, पण मालवाहतुकीचं कारण नसलेलं. कुंपणाबाहेर दिवे मालवून थांबलेली गाडी. भाडं आणि पेट्रोल रोखीने देऊन नाव सांगायला नाखूश असलेला माणूस. दिसलंच तर स्वतः जाऊन जाब विचारू नका. विमानाचा क्रमांक आणि वेळ टिपा, १०१ वर कळवा. जिवाला धोका वाटला तर ९९९. बघायचं ते वागणं. माणसाचा रंग किंवा उच्चार ही संशयाची खूण नाही, हे आपल्या क्लबात आपण मोठ्याने म्हणायला हवं.

अमेरिका, कॅनडा आणि घर

अमेरिकेतल्या मराठी पायलटांसाठी तत्त्व हेच, नाव वेगळं. बहामाज किंवा कॅनडाला जाता-येताना २००९ पासून ईएपिस या ऑनलाइन यंत्रणेत प्रवाशांची यादी निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी भरावी लागते. येताना याशिवाय उतरण्याच्या विमानतळावरच्या कस्टम्सला फोन करून उतरायची परवानगी घ्यावी लागते. फॉर्म गेला म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाने टोरंटोची सफर आखण्याआधी पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा चालू आहे ना आणि कॅनडाचा व्हिसा आहे ना, हे बघावं. कॅनडाच्या बाजूला उतरण्याआधी २ ते ४८ तासांच्या दरम्यान फोनवर कळवायची पद्धत आहे.

भारतातले नातेवाईक कधी कधी विचारतात, परदेशातून खासगी विमान आणलं तर थेट बारामतीला किंवा जुहूला उतरता येईल का? नाही. १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या २९ व्या कलमानुसार परदेशातून येणाऱ्या विमानाने पहिल्यांदा कस्टम्ससाठी जाहीर केलेल्या विमानतळावरच उतरायचं असतं, आणि तिथे इमिग्रेशनचीही सोय असावी लागते. मुंबईत त्यासाठी छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. तिथे कस्टम्स आणि पासपोर्टचं काम उरकलं, की पुढचा बारामतीपर्यंतचा प्रवास देशांतर्गत उड्डाण म्हणून करता येतो. त्याची परवानगी आणि धावपट्टीची वेळ मात्र आधीच मागून ठेवावी लागते.